निकाल लागला, जमीन नाही: वाटपाच्या एका दाव्याची दहा वर्षं

२०२२ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधीच्या बाजारात माझ्या एक पक्षकार, मावशी, भेटल्या. भुईमुगाच्या शेंगांचं पोतं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पदराला हात पुसले आणि विचारलं, "वकीलबाई, मोजणीवालं कधी येत्यात? मी वाट बघत बसलीया."

मला उत्तर देता आलं नाही. मार्चमध्ये त्यांचा दावा मंजूर झाला होता. निकालाच्या दिवशी त्यांनी कोर्टाच्या पायरीवर माझ्या हातावर पेढा ठेवला होता आणि मी म्हटलं होतं, "आता जमीन तुमची." पुढच्या आठवड्यात मी तालुका विधी सेवा समितीला, म्हणजे मोफत वकील नेमून देणाऱ्या समितीला, काम पूर्ण झाल्याचा अहवाल दिला, फी घेतली आणि बस्ता बांधून कपाटात ठेवला. मोजणीवाले येणारच नव्हते, कारण त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. हुकूमनाम्याचे, म्हणजे निकालावरून कोर्टाने काढलेल्या आदेशाचे, कागद कोर्टातून जिल्हाधिकारी कचेरीत जावेत यासाठी पक्षकाराने अर्ज करावा लागतो, सोबत सातबारा, आठ अ, गटाचा नकाशा जोडावा लागतो. तो अर्ज मी केला नव्हता. आमच्या लेखी माझी नेमणूक निकालापर्यंतच होती. मावशींचे सात महिने माझ्यामुळे गेले, म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि काही तपशील बदलले आहेत.

मावशींचं माहेर दुष्काळी पट्ट्यातलं. वडिलांच्या नावावर तीन गट: ३ एकर २० गुंठे, २ एकर २४ गुंठे आणि दीड एकर. सगळे मिळून ७ एकर २४ गुंठे. दोन नंबरच्या गटात विहीर, तीन नंबरचा गट म्हणजे नुसता मुरूम. वडील १९९८ साली गेले. वारस नोंद लागली ती आई आणि दोन भावांची. थोरली बहीण आणि मावशी, दोघींची नावं फेरफारात आलीच नाहीत. दोघींची लग्नं १९९१ पर्यंत झालेली होती आणि लग्न झालेल्या मुलीचं नाव लावायचं नसतं असं गावात सगळेच धरून चालत. २०१० साली मावशींचे यजमान वारले. सासरी जमीन नव्हती, म्हणून मुलीला घेऊन त्या माहेरच्या घराच्या पडवीत राहायला आल्या. पुढच्या वर्षी आई गेली. २०१२ मध्ये भावांनी हक्कसोडपत्र तयार केलं. थोरल्या बहिणीने साडीचोळी घेऊन सही केली. मावशींनी केली नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सही करून ऱ्हायाचं कुठं?"

२०१५ मध्ये बोरमाळ मोडून त्यांनी खाजगी वकील दिला आणि वाटपाचा दावा दाखल झाला. जमीन विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा (निशाणी ५ चा) अर्ज मंजूर झाला, भावांची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली आणि मग तारखा सुरू झाल्या. २०१८ पर्यंत वकिलांचं येणं बंद झालं होतं. दावा काढून टाकला जाण्याच्या बेतात असताना ग्रामपंचायतीत कायदेविषयक शिबिर झालं आणि तिथे मावशींना पहिल्यांदा कळलं की बाईला मोफत वकील मिळतो.

हे त्यांना तीन वर्षं आधी कळायला हवं होतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न विचारता मोफत विधी सेवा मिळते. बाईने उत्पन्नाचा दाखला आणायची गरज नाही. त्यात फक्त वकील येत नाही. कोर्ट फी, समन्सची फी, नकलांचा खर्च, साक्षीदारांचा खर्च हेही येतं. तालुक्याच्या कोर्टात समिती असते, तिचे अध्यक्ष तिथले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश असतात. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मागणी नोंदवता येते. यातलं काहीही ठाऊक नसल्याने मावशी बोरमाळ मोडून बसल्या होत्या.

जुलै २०१८ मध्ये माझी नेमणूक झाली. मी कागद वाचले तेव्हा पहिला प्रश्न होता हिश्श्याचा, आणि तो अवघड होता.

केंद्राची हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. तिने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने हे त्याआधीच, २२ जून १९९४ पासून केलं होतं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे मावशी राज्याच्या दुरुस्तीत बसत नव्हत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये, आमचा दावा दाखल झाल्यावर चारच महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने फुलवती प्रकरणात म्हटलं की २००५ च्या दुरुस्तीचा फायदा घ्यायचा तर ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात हवेत. मावशींचे वडील १९९८ सालीच गेलेले. मग हिशेब असा होतो: १९९८ साली वडील, आई आणि दोन मुलगे यांच्यात काल्पनिक वाटप (वडील जाण्याआधी वाटप झालं असं कायद्याने धरायचं), प्रत्येकी पाव. वडिलांच्या पाव हिश्श्याचे पाच वारस, म्हणजे मावशींना एक विसांश. आईकडे तिचा स्वतःचा पाव आणि वरचा एक विसांश. २०११ मध्ये तो चार मुलांत वाटला गेला. बेरीज केली की मावशींचा वाटा एक अष्टमांश. ३८ गुंठे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना बरोबरीचा वाटा दिला. दोन निकाल, दोन दिशा. प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालाने तो मिटवला: हक्क जन्माने मिळतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, आणि कायद्याने धरलेलं काल्पनिक वाटप म्हणजे खरं वाटप नव्हे. मावशींचा वाटा एक चतुर्थांश झाला. ७६ गुंठे, म्हणजे १ एकर ३६ गुंठे.

एवढा हिशेब मांडला कारण २०१९ ची लोकअदालत त्याशिवाय समजणार नाही. भावांनी तडजोड मांडली: मुरमाच्या गटाच्या कडेचे २० गुंठे घ्या, दावा मिटवा, माहेर तुटणार नाही. पॅनेलवरच्या मंडळींनी मावशींना समजावलं, मायेनंच समजावलं. बहीणभावाचं भांडण, किती वर्षं कोर्टात यायचं, आयुष्य सरलं. मावशींनी अंगठा द्यायला हात पुढे केला होता. मी दहा मिनिटं मागून त्यांना बाहेर चिंचेखाली नेलं आणि मातीत काडीने तीन गट काढून दाखवले. सगळ्यात वाईट निकाल लागला तरी ३८ गुंठे, चांगला लागला तर ७६. भाऊ देतायत २०, तेही कुठले. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. त्या काडीकडे बघत राहिल्या आणि आत जाऊन "नगं" म्हणाल्या.

लोकअदालतीला माझा विरोध नाही. अपघाताच्या भरपाईचे, बँकेच्या थकबाकीचे दावे तिथे मिटतात आणि लोकांची वर्षं वाचतात. पण बहिणीने भावाविरुद्ध केलेल्या दाव्यात तिला आपला वाटा आकड्यात आणि नकाशावर दिसल्याशिवाय तडजोडीला बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. मावशींना चार वर्षांत ते कोणी दाखवलं नव्हतं. मीही त्या दिवसापर्यंत नाही.

मार्च २०२० मध्ये कोर्टं थांबली. एप्रिल २०२१ मध्ये थोरला भाऊ करोनात गेला. प्रतिवादी मयत झाला की त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नाहीतर दावा त्याच्यापुरता संपतो. बायको, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी अशी चार नावं दाखल झाली. समन्स घेऊन बेलीफ त्या मुलीच्या सासरी गेला तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आपलंही नाव या जमिनीत आहे. मार्च २०२२ ला निकाल लागला: एक चतुर्थांश हिस्सा मान्य, शेतजमिनीच्या वाटपासाठी हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, घराच्या वाटपासाठी कोर्ट कमिशनर नेमावा.

माझ्या नेमणुकीपासून निकालापर्यंतचा रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारखेगणिक नोंद, मी नंतर मोजला. ४७ तारखा. प्रत्यक्ष काही काम झालं अशा ११. मावशी बाकीच्या ३६ तारखांनाही आल्या होत्या. प्रत्येक तारखेला शेतातली मजुरी बुडालेली, एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीट वेगळं. (१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "आधी झालं असतं तर एक शेळी आली असती.") त्यांतल्या निम्म्या तारखांना त्यांची गरजच नव्हती. मी आदल्या दिवशी फोन करून "येऊ नका" म्हणू शकले असते. ई-कोर्ट्सच्या अॅपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि कामाचा टप्पा दिसतो. त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर ते मी २०२१ मध्ये लावून दिलं. तीन वर्षं उशिरा.

आता त्या बाजाराच्या दिवसाकडे परत येते.

वाटपाच्या दाव्यात निकालानंतर दोन वाटा फुटतात, आणि ही गोष्ट पक्षकाराला कोणी सांगत नाही. घर, जागा, झाडं यांचं वाटप कोर्ट कमिशनरमार्फत करतं आणि मग अंतिम हुकूमनामा होतो. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अधिकारी करतात. कागद जिल्हाधिकारी कचेरीतून तहसीलला, तहसीलमधून भूमी अभिलेखकडे मोजणीला, तिथून परत तहसीलला वाटपाच्या तक्त्यासाठी, तक्त्यावर सगळ्यांना नोटिसा, हरकती, मंजुरी, मग मंडळ अधिकारी जाऊन ताबा देणार, कब्जेपावती, आणि शेवटी फेरफार. प्रत्येक टेबलावर कोणीतरी "कागद आलेच नाहीत" म्हणू शकतं. कोर्टाच्या हिशेबात मावशींचा दावा मार्च २०२२ मध्येच निकाली निघाला होता.

ब्रिटिश काळात शेवटचं अपील जिथे चालायचं त्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली दरभंग्याच्या एका प्रकरणात म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जांचा, आकडा आला: ८ लाख ८२ हजारांहून जास्त. त्यांत सर्वाधिक मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या कोर्टांत, ३ लाख ४१ हजारांच्या घरात. सर्वोच्च न्यायालयानेच २०२१ मध्ये दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असं सांगितलं होतं. जून २०२२ मध्ये असंही म्हटलं होतं की वाटपाच्या दाव्यात प्राथमिक, म्हणजे वाटे ठरवणारा, हुकूमनामा झाला की अंतिम हुकूमनाम्यासाठी कोर्टाने आपणहून तारीख नेमावी, पक्षकाराच्या अर्जाची वाट बघू नये. तालुक्याच्या कोर्टात हे अजून रुळलेलं नाही. माझ्या पाहण्यात वाटपाचे कितीतरी हुकूमनामे पक्षकारांच्या ट्रंकेत पिवळे पडलेत, कारण तो कागद म्हणजेच जमीन अशी त्यांची समजूत होती.

दिवाळीनंतर मी कलम ५४ चा अर्ज दिला. जानेवारी २०२३ मध्ये तहसीलची नोटीस निघाली आणि त्याबरोबर धाकटा भाऊ व पुतणे उशीरमाफीच्या अर्जासह जिल्हा न्यायालयात अपिलात गेले. अपिलासाठी मला पुन्हा नेमून घ्यावं लागलं. तालुक्याची नेमणूक तिथे चालत नाही. स्थगिती मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील फेटाळलं गेलं. या दीड वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

खरी मदत त्यानंतर आली आणि ती वकिलाची नव्हती. समितीकडे विधी सेवा स्वयंसेवक असतात. त्यांतल्या एक, शेजारच्या गावच्या अंगणवाडी सेविका, त्यांना मी मावशींच्या कामावर द्या म्हणून समितीच्या अध्यक्षांना लेखी विनंती केली. निकाली निघालेल्या दाव्यात स्वयंसेवक देण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. तरी अध्यक्षांनी दिला. या ताई दर मंगळवारी तहसीलमध्ये जाऊन बसायच्या. आवक नंबर वहीत लिहून घ्यायच्या, बारनिशीत, म्हणजे कचेरीच्या आवक-जावक नोंदवहीत, कागद कुठल्या टेबलावर गेला ते बघायच्या आणि मला फोन करायच्या. मोजणीची फी भरायची वेळ आली तेव्हा समितीकडे त्यासाठी तरतूद नसल्याचं उत्तर मिळालं. ती कोर्टाची फी नाही. ती मावशींनी बचत गटातून उचल घेऊन भरली. कायद्याने मोफत ठरवलेली मदत या एका पावतीपाशी अडावी, हे मला अजूनही टोचतं.

मोजणी झाली आणि वाटपाचा पहिला तक्ता आला. त्यात मावशींना मुरमाचा अख्खा गट, ६० गुंठे, आणि उरलेले १६ गुंठे दोन नंबरच्या गटाच्या टोकाला. बेरीज ७६. कागदावर हिशेब बरोबर होता. तक्ता ताईंनीच मला दाखवला आणि म्हणाल्या, "मॅडम, हिथं कुसळाशिवाय काय उगवत न्हाई."

हरकत दोन मुद्द्यांवर घेतली. एक तुकडेबंदीचा: १९४७ च्या कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा वाटपात पाडता येत नाही, आणि २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला ते क्षेत्र २० गुंठे आहे. १६ गुंठ्यांचा तुकडा बसत नव्हता. दुसरा मुद्दा जमिनीच्या प्रतीचा: वाटा नुसत्या क्षेत्राचा नसतो, कसाचाही असतो. सुनावणीला थोरल्या भावाची ती लग्न झालेली मुलगी आली. तिने तहसीलदारांपुढे जबाब दिला की आत्याला एक नंबरच्या गटात सलग द्यायला माझी हरकत नाही. तिच्या दोन्ही भावांनी मान खाली घातली. दुसऱ्या तक्त्यात मावशींना एक नंबरच्या गटात सलग ७६ गुंठे आणि बांधावरून वहिवाटीची वाट मिळाली.

विहीर राहिलीच होती. हुकूमनाम्यात "जमिनीत एक चतुर्थांश" होतं, विहिरीचा शब्द नव्हता. दाव्याच्या मागणीत तो २०१५ सालीच लिहायला हवा होता. मी २०१८ मध्ये दुरुस्ती अर्ज देऊन घालू शकले असते. दुष्काळी भागात पाण्याशिवाय १ एकर ३६ गुंठे म्हणजे वर्षाला एक बाजरी. शेवटी भावकीने बसून संमतीचा जबाब लिहून दिला: विहिरीत पाव हिस्सा, दर चौथ्या दिवशी मोटारीची पाळी, आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत. कोर्टाने दिलं नाही ते गावाने दिलं हे खरं, पण ते गावाच्या मर्जीवर राहायला नको होतं. आता मी वाटपाचा कुठलाही दावा लिहिताना विहीर, पाइपलाइन, झाडं, वाट आणि विजेचं कनेक्शन वेगवेगळ्या ओळींत मागते.

मे २०२५ मध्ये, पेरणीच्या आधी, मंडळ अधिकाऱ्यांनी ताबा दिला. खुणेचे दगड रोवले, पंचनामा झाला, कब्जेपावतीवर मावशींनी अंगठा न देता सही केली. ताईंनी ती गिरवून घेतली होती. जुलैमध्ये फेरफार प्रमाणित झाला आणि सातबाऱ्यावर नाव आलं. दावा दाखल केला तेव्हा त्या ४३ वर्षांच्या होत्या, आता ५३.

समितीच्या बैठकीत मी तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. वाटपाच्या दाव्यातली नेमणूक निकालापर्यंत न धरता सातबाऱ्यावर नाव लागून ताबा मिळेपर्यंत धरावी आणि वकिलाच्या फीचा शेवटचा हप्ता कब्जेपावतीची प्रत दिल्यावरच द्यावा. अशा प्रत्येक हुकूमनाम्यामागे एक स्वयंसेवक नेमावा. आणि मोजणीची फी विधी सेवेच्या खर्चात धरावी. पहिल्या मागणीवर माझ्याच काही सहकाऱ्यांनी नाराजी दाखवली. फी आधीच तुटपुंजी, त्यातला हप्ता तीन वर्षं अडकणार. त्यांची अडचण खोटी नाही. फौजदारी बाजूला २०२२ पासून लोक अभिरक्षक कार्यालयं आली, तिथे पगारी, पूर्णवेळ वकील आरोपींची बाजू लढवतात. दिवाणी बाजूला अजून आमच्यासारखे पॅनेलवरचेच वकील आहेत, एका फाइलमागे एक फी घेणारे. मावशींसारखी माणसं अशा फीच्या हिशेबात बसत नाहीत. त्यांना दहा वर्षं टिकणारा माणूस लागतो.

तिसरी मागणी जिल्ह्याकडे पाठवली आहे. स्वयंसेवकाची मागणी मंजूर झाली आणि त्या अंगणवाडीच्या ताईंकडे सध्या अशी पाच प्रकरणं आहेत.

मावशींचं घराचं वाटप अजून बाकी आहे. गेल्या महिन्यात कोर्ट कमिशनर टेप घेऊन आले, पडवी, माजघर आणि परसातली जागा मोजली. भावजयीने सगळ्यांना चहा दिला, मावशींनाही. अहवाल दाखल झालाय, हरकतींसाठी तारीख पडली आहे. त्या तारखेला मावशींनी यायची गरज नाही, तसा फोन मी कालच केला. "मग त्या दिवशी भांगलून घेते," म्हणाल्या.